मुका कीबोर्ड

सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी शोल्पानचे दोन्ही हात चहाच्या वाटीभोवती होते, आणि नेमक्या त्याच वेळी पडद्यावर तिच्या नावाने पाच ओळींचा मजकूर उमटला. कुल्याशच्या हे तीन सेकंदांनी लक्षात आलं. तिची करंगळी अजून एंटरच्या कळीवर होती. मॉनिटरच्या डाव्या भागात कॅमेऱ्यातून येणारं शोल्पानचं चित्र होतं: जांभळा गाऊन, ओले केस, वाटीतून चढणारी वाफ, वाफेमागे मिटलेले डोळे. उजव्या भागात शब्द होते. चार वर्षांत हे दोन भाग एकमेकांपासून कधी सुटले नव्हते. प्लायवूडच्या पलीकडे शोल्पान बसायची आणि अलीकडे कुल्याश. शोल्पानसमोर एक पांढरा कीबोर्ड असायचा, पण त्याची वायर पलंगामागे जाऊन जमिनीवर नुसतीच संपायची. कुल्याश लिहायची, मजकूर तयार झाला की अंगठीने प्लायवूडवर एकदा टक् करायची. पलीकडे शोल्पान हात कीबोर्डवर आणायची, बोटं नाचवायची, ओठ चावून विचार केल्यासारखं करायची, आणि मगच कुल्याश एंटर दाबायची. टक्, हात, एंटर. हा क्रम इतका अंगात मुरला होता की घरी बटाटे सोलतानासुद्धा सुरी उचलण्याआधी कुल्याशची अंगठी ओट्यावर वाजायची. आज टक् राहिलं होतं. ती लिहीत सुटली आणि लिहिता लिहिताच एंटर दाबून मोकळी झाली.

प्रश्न साधा होता. विनिपेग शहरातला एक निवृत्त वेल्डर, साइटवर आठवड्यातून तीनदा यायचा. तिकडे मध्यरात्र असायची. शोल्पानने गाऊन काढावा यासाठी इतर लोक पैसे मोजायचे. हा बहुतेक वेळा बोलण्यासाठी मोजायचा. त्याने विचारलं होतं, तू लहान होतीस तेव्हा हिवाळ्याआधी तुझ्या घराला कसला वास यायचा? अशा प्रश्नांसाठी वही होती. पडद्यावरच्या शोल्पानचं नाव आल्मा, वय सत्तावीस, खरं चौतीस. आल्माला मांजरं आवडतात, आल्माला आई नाही, आल्मा समुद्राकाठी वाढली. वहीत सगळं तारीखवार लिहिलेलं होतं, म्हणजे दुसऱ्या पाळीच्या भाषांतरकार बाईने वेगळी थाप मारू नये. कुल्याशने वही उघडलीच नाही. तिने लिहिलं की छपरावर जाळीदार कापड पसरून आई कुर्त वाळत घालायची, दह्याचे मुठीएवढे खारट गोळे, प्रत्येकावर आईच्या चार बोटांचे ठसे. मॅगपाय पक्षी ते पळवायचे म्हणून मला शिडीवर बसवायची आणि हातात पातेलं नि चमचा द्यायची. आंबूस वास माझ्या वेण्यांना एवढा चिकटायचा की शाळेत शेजारची मुलगी बाक सोडून जायची. तालगार गावातल्या त्या घराचं छप्पर आता नव्हतं आणि आईही नव्हती. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, मुलीलाही नाही. वेल्डरने ते वाचलं. मग लिहिलं, तुझे हात तर वाटीवर आहेत, मग हे कोण लिहितंय? त्या वेळी आल्माच्या पानावर चाळीस जण बघत होते. त्याने सहज विचारलं होतं, पण त्या चाळिसांपैकी कुणीतरी साइटकडे तक्रार केली.

मार्लेनला साइटचं पत्र एक वाजता आलं. मार्लेन स्टुडिओचा व्यवस्थापक, चाळिशीचा, खालच्या मजल्यावरचा दंतवैद्य पाणी गळतंय म्हणून सांगायला आला तरी ज्याला पहिल्यांदा पोलीसच आले असं वाटतं असा माणूस. दारावर त्याने ‘ग्राहक सेवा केंद्र’ अशी पाटी लावली होती. त्याने सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि पत्र मोबाइलवरून वाचून दाखवलं. पडद्यावर दिसणारी व्यक्ती आणि लिहिणारी व्यक्ती वेगळी असल्याचा संशय आहे. उद्या सकाळी अकरा वाजता तपासनीस कॅमेऱ्यावर येईल. आल्मा एकटीच लिहीत असेल तर तिने त्याच्यासमोर लिहून दाखवावं. दुसरी व्यक्ती असेल तर तिने पासपोर्ट गालाशी धरून नोंदणी करावी. नाहीतर पान कायमचं बंद. शोल्पानला इंग्रजीत दहा शब्द येत होते, त्यातले चार उघड बोलण्यासारखे नव्हते. नोंदणीत दुसऱ्या व्यक्तीसाठी कुठलं पद आहे, असं कुल्याशने विचारलं. मार्लेनने मान खाली घातली. “मी अर्धा तास शोधलं, आपाय. मदतनीस नाही, भाषांतरकार नाही. एकच रकाना आहे. सादरकर्ती.”

आपाय हे ताईला म्हणतात आणि शाळेतल्या बाईंनाही. कुल्याश बावन्न वर्षांची होती, एकोणीस वर्षं तालगारच्या शाळेत इंग्रजी शिकवून आलेली. इथे सगळे तिला आपायच म्हणत. स्वयंपाकघरात दोन टेबलं होती. खिडकीकडच्या टेबलावर भाषांतरकार बसायच्या, त्यांच्या चहाच्या वाट्यांना निळी किनार होती. दाराकडचं टेबल मुलींचं, त्यांच्या वाट्या पांढऱ्या. असा नियम कुणी केला नव्हता, पण चार वर्षांत कुल्याशने पांढऱ्या वाटीतून एकदाही चहा घेतला नव्हता, आणि चुकून कुणी तिची निळी वाटी वापरली तर ती दोनदा विसळायची. नावांचंही तसंच. मुली स्वतःला मॉडेल म्हणायच्या. एक जण आर्टिस्ट म्हणायची. कामशात नावाची पंचविशीची मुलगी, विद्यापीठ अर्धवट सोडलेली, एकदा फोनवर कुणाला तरी शांतपणे म्हणाली होती की मी देहाचं काम करते, त्यात लपवायचं काय. त्या दिवशी मुलींनीच तिच्याशी संध्याकाळपर्यंत अबोला धरला. शोल्पान कुठलंच नाव घ्यायची नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, “कामावर आहे.” आणि खिडकीकडच्या टेबलावर एकच शब्द होता, भाषांतरकार. रुफीना, कुल्याशच्या शेजारची तातार बाई, तो उच्चारताना पाठ ताठ करायची.

आज ती कुल्याशला बाजूला घेऊन म्हणाली, अजिबात सही करू नकोस. कागदावर एकदा हे नाव चढलं की पुसायला कुणी येत नाही. तुझ्या मुलीचं लग्न ठरतंय. आपण ‘त्या’ नाही आणि हे लिहून द्यायची वेळ आली तर आपण नोकरी सोडायची. मग तिने आवाज खाली आणला. “आणि तुला झालं काय होतं गं? टक् करायला विसरलीस? तू?” कुल्याशने सांगितलं की नेट अडकत होतं. रुफीनाने तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. पलीकडच्या टेबलावर शोल्पान बसली होती. पांढरी वाटी टेबलावर गोल गोल फिरवत होती. पान बंद झालं तर चार वर्षांचे ठरलेले ग्राहक गेले; नवं पान उघडलं तर त्यावर साइट स्वतःहून ‘नवी’ असा शिक्का लावते, आणि चौतिसाव्या वर्षी नवी म्हणून बसणं म्हणजे काय ते तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. तिने कुल्याशला दोष दिला असता तर बरं झालं असतं. उठताना ती एवढंच म्हणाली, “आपाय, वाईट वाटून घेऊ नका. चहा मीच उचलला ना.”

चहा तिने उचलला हे खरं होतं, पण दुपारभर कुल्याशच्या डोक्यात हे वाक्य घुसलेल्या खिळ्यासारखं राहिलं. शाळा सोडल्यावर आणि इथे येण्याआधी ती दोन वर्षं एका नोटरीच्या दुकानात होती: जन्मदाखले, घटस्फोटाचे कागद, पदव्या. प्रत्येक भाषांतराच्या शेवटी ती हाताने एक ओळ लिहायची, मूळ मजकुरावरून हे भाषांतर मी अचूक केलं आहे, आणि खाली सही. सुईने मूळ कागद आणि भाषांतर एकत्र शिवायचे, गाठीवर शिक्का. त्या ओळीने तिला एक आधार दिला होता. लिहिलेलं माझं नाही, मी फक्त इकडून तिकडे नेते. इथे आल्यावरही तिने तोच आधार धरला. पण आज ती मूळ कागद शोधत होती. शोल्पान काय म्हणायची? बहुतेक वेळा काहीच नाही. कंटाळली की प्लायवूडमधून म्हणायची, आपाय, त्याला काहीतरी छान सांगा ना. कधी म्हणायची, माझे पाय गार पडलेत. आणि प्लायवूडच्या अलीकडून कुल्याश लिहायची की तू येतोस तेव्हा मी खिडकीचा पडदा लावून घेते, कारण मला हा एक तास बाहेरच्या कुणाला द्यायचा नसतो. हे कुठल्या मुळावरून आलं होतं? एका माणसाने आपली बायको वारल्याचं सांगितलं तेव्हा कुल्याशने जे लिहिलं त्यावर तो रडला होता, कॅमेरा चालू करून, आणि शोल्पानने गोंधळून प्लायवूडमधून विचारलं होतं, आपाय, मी त्याला काय बोलले? कुल्याश तेव्हा हसली होती. त्या हसण्यात थोडा अभिमान होता हे तिला आज कळलं, आणि तिने उठून खिडकी उघडली. बाहेर नोव्हेंबरचा धूर होता, डोंगर चार दिवसांत दिसले नव्हते, जिभेवर कोळशाची चव आली, म्हणून तिने खिडकी परत लावली.

संध्याकाळी अयिमचा फोन आला. मुलगी अस्तानाला नोकरी करत होती. सासरचे लोक पुढच्या महिन्यात कानात डूल घालायला येणार होते, म्हणजे गोष्ट पक्की होणार होती. मागच्या भेटीत होणाऱ्या विहीणबाईंनी कुल्याशला विचारलं होतं की तुम्ही काय करता. भाषांतरकार, असं तिने म्हटलं आणि विचारलं गेलं तर सांगायला तयार ठेवलेलं पुढचं वाक्यही सांगितलं, परदेशी कंपनीचे बॉयलर, त्यांची माहितीपत्रकं. विहीणबाईंनी लगेच सुनेला सांगून तिची बसायची जागा बदलून घेतली होती, दारापासून दूर, मानाच्या जागी, आणि ताटातला मानाचा तुकडा तिच्यासमोर सरकवला होता. मांस मऊ होतं, तरी तो घास गिळायला तिला वेळ लागला होता. आता फोनवर अयिम म्हणत होती की त्यांच्या नात्यातल्या कुणाला तरी कागद भाषांतर करून हवेत, आई, करशील ना? कुल्याश हो म्हणाली. मग अचानक म्हणाली, तुला आजीचं कुर्त आठवतं? अयिमला फार आठवत नव्हतं. खूप खारट असायचं एवढंच, असं ती म्हणाली. फोन ठेवल्यावर कुल्याश दिवा न लावताच बसली. सहा हजार मैलांवरच्या एका वेल्डरला तिच्या आईच्या बोटांचे ठसे माहीत होते आणि नातीला नव्हते. हे तिने ठरवलं नव्हतं. पण घडलं होतं, आणि ते आल्माच्या तोंडून घडलं होतं. पासपोर्ट कपाटात चादरींखाली होता. तो तिने काढला, बघितला, परत ठेवला. झोपायच्या आधी पुन्हा काढून पिशवीत टाकला आणि स्वतःला सांगितलं की राजीनाम्यासाठी ओळखपत्राचा क्रमांक लागेल.

सकाळी पावणेदहाला ती पोहोचली तेव्हा वाट निघालेली होती. कामशातने ती काढली होती. तिचं नाव साइटवर आधीपासून नोंदलेलं होतं, इंग्रजी मोडकंतोडकं का होईना येत होतं. लिहिणारी मीच, असं ती तपासनिसाला सांगणार होती. शोल्पान, कामशात, दोघी मैत्रिणी, एकत्र बसतो, गंमत करतो. मार्लेनचा चेहरा रात्रभरात पहिल्यांदा सैल झाला होता. रुफीना कुल्याशच्या दंडाला चिमटा काढून म्हणाली की बघ, सुटलीस. आणि कुल्याशला खरंच सुटल्यासारखं वाटलं. तिने निळी वाटी घेतली, चहा ओतला. राजीनामा लागणार नव्हता, अयिमला काही सांगावं लागणार नव्हतं. पान वाचलं, शोल्पान वाचली, आणि ती जी होती तीच राहिली. मग कामशात वही नि पेन घेऊन खिडकीकडच्या टेबलापाशी आली. मुली या टेबलाशी बसत नसत. कामशात बसली.

“आपाय, तेवढं सांगा ना. तक्रार त्या मजकुरावरूनच झालीय, म्हणजे तो त्यावरच विचारणार. ते छपराचं काय होतं? पाठ करते.”

कुल्याश सांगू लागली. छपरावर जाळीदार कापड. कामशातने लिहिलं. दह्याचे गोळे. मुठीएवढे. कामशातने विचारलं, मुठीएवढे म्हणजे माझ्या की तुमच्या, आणि हसली, वाईट हेतूने नाही. आई वाळत घालायची. कामशातचं पेन थांबलं. म्हणाली की वहीत तर आल्माला आई नाही, मग आई आता कधी वारली सांगायचं? मी असं करते, आजी म्हणते, आजी चालेल? कुल्याश म्हणाली, चालेल. आणि चार बोटांचे ठसे, पुढे काय? पुढे पातेलं नि चमचा होता. शिडी होती, उन्हात तापलेली, मांडीला चटका देणारी. आणि खालून आईचा आवाज होता, कुल्याश, झोपलीस का गं, वाजव. हे तिने वेल्डरला लिहिलं नव्हतं. हे तिला आत्ता ऐकू आलं. कामशातचं पेन वहीवर वाट बघत होतं, आणि कुल्याशला दिसलं की उद्यापासून ते वहीत असेल. आल्मा, आजी, कुर्त, तारीख. दुसऱ्या पाळीची बाई ते वाचेल आणि गरज पडेल तसं वापरेल. नोटरीच्या दुकानात मूळ कागद हरवला तर भाषांतरावर शिक्का मारत नसत. तिने वाटी खाली ठेवली. 

“पुढचं नाही सांगत,” ती म्हणाली. “ते माझं आहे.”

कामशातला वाटलं आपाय चिडल्या. तिने वही मिटली. रुफीना पलीकडून बघत होती आणि तिला आधी कळलं. ती कुल्याशच्या नावाने काहीतरी पुटपुटली, हात धरायला उठली, पण कुल्याश पिशवीतला पासपोर्ट काढून शोल्पानच्या खोलीकडे निघाली होती. मार्लेनने दारात दोनदा विचारलं, नक्की ना आपाय, नक्की ना, आणि तिसऱ्यांदा विचारायच्या ऐवजी स्वतःच तिचा कीबोर्ड प्लायवूडच्या अलीकडून सोडवून आणायला गेला.

चार वर्षांत ती प्लायवूडच्या पलीकडे आली नव्हती. मॉनिटरवर ही खोली मोठी दिसायची. खरी खोली तिच्या न्हाणीघराएवढी होती. पलंगाच्या एका पायाखाली विटकर, चादरीवर इस्त्रीचा डाग जो कॅमेऱ्याला दिसत नसे, कोपऱ्यात शोल्पानचे लोकरी मोजे. म्हणजे पाय खरंच गार पडायचे. गोल दिव्याचा उजेड तोंडावर इतका जवळून येत होता की डोळ्यांत पाणी आलं. प्लायवूडवर तिच्या अंगठीचा आवाज जिथे यायचा तिथे शोल्पानने पेन्सिलने एक फूल काढून ठेवलं होतं. शोल्पान सरकून बसली, तिला जागा दिली, मग उठून तिच्या गळ्यापर्यंतची बटणं नीट लावली, कपाळावरचा केस मागे घेतला, शोल्पानच्या पहिल्या दिवशी कुणीतरी तिचा घेतला असेल तसा. “खाली बघू नका,” ती म्हणाली, “डोळ्यांखाली काळं दिसतं.” मग मोठ्याने नाही, जवळजवळ ओठांनीच, म्हणाली की आपाय, मुलीचं काय? कुल्याशने पासपोर्ट मांडीवर ठेवला.   पुढच्या महिन्यात मानाच्या जागी बसताना तोंडातून काय बाहेर पडेल ते तिला आता सांगता येत नव्हतं.

मार्लेनने मुका कीबोर्ड उचलून पलंगाखाली सरकवला आणि तिचा ठेवला, काळा, ज्याची निम्मी अक्षरं बोटांनी पुसून गेलेली. वायर खरी होती. अकराला पडद्यावर एक चौकोन उघडला. तपासनीस दिसत नव्हता, फक्त त्याचे शब्द येत होते. चेहरा डावीकडे. उजवीकडे. कागदपत्र गालाशी. पासपोर्टाचं पुठ्ठ्याचं कव्हर गालाला गार लागलं. त्यात नाव, वडिलांचं नाव, जन्मगाव तालगार. रकान्यात मार्लेनने आधीच भरलेलं पद होतं, आणि तिने ते वाचलं, एकदा रशियनमध्ये मनात उलटवून बघितलं, एकदा कझाकमध्ये. कुठल्याच भाषेत ते तिला नीट बसलं नाही, आणि दुसरा रकाना नव्हता. मग पुढची ओळ आली. या पानावर तुम्ही काय करता ते आत्ता, कॅमेऱ्यासमोर, तुमच्या शब्दांत लिहा.

उत्तर तयार होतं. ते नेहमीसारखं पटकन आणि पूर्ण तयार झालं, शेवटच्या विरामापर्यंत. आणि कुल्याशची नजर सवयीने शोल्पानच्या हातांकडे गेली. ते मांडीवर, गाऊनवर एकात एक अडकवून ठेवलेले होते. ती त्यांची वाट पाहू लागली. चौकोनात सेकंद पुढे सरकत होते. दाराशी मार्लेनचा श्वास ऐकू येत होता. शोल्पानचे हात हलले नाहीत. मग तिला पडद्याच्या खालच्या कडेला दिसलं की कीबोर्डवर हात आधीच आलेले आहेत. सांध्यांशी जाड झालेले, नखं कापलेली, आईच्या हातांसारखे. उजव्या हाताच्या बोटात तिची अंगठी. तिने ती टेबलाच्या कडेवर एकदा टक् केली, आणि हात चालू लागले.